नावापुढील अक्षरे

वाचकहो, इंदूरच्या एका भगिनीचे पत्र गेला आठवडाभर आमच्या टेबलावर आहे. ह्या बाई व्यवसायाने आर्थिक नियोजक असून एका नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराच्या कचेरीत काम करतात. शिक्षक, रेल्वेतील नोकर, लहान दुकानदार अशी साठ-सत्तर कुटुंबे त्यांच्याकडे सोपविलेली आहेत. विमा किती उतरवावा, मुलीच्या शिक्षणासाठी कधीपासून आणि किती शिल्लक टाकावी, निवृत्तीनंतर दरमहा हाती काय येईल, ह्या गोष्टी त्या घराघरांतून समजावून सांगतात. 'सी. एफ. पी.' ही ह्या व्यवसायातील मान्यवर पदवी त्यांनी आठ वर्षांपूर्वी मिळविली. आता त्यांच्या मनाने पोर्टफोलिओच्या व्यवस्थापनाची ओढ घेतली आहे, आणि त्यासाठी आणखी कोणती परीक्षा द्यावी असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. कारण घरात तिघांची तीन मते आहेत. यजमान म्हणतात, सरकारमान्य संस्थेची एखादी छोटी परीक्षा दे, म्हणजे चार-सहा महिन्यांत मोकळी होशील. मुंबईस बँकेत असलेले बंधू म्हणतात, 'सी. एफ. ए.' शिवाय ह्या विद्येत कोणी विचारीत नाही. आणि निवृत्त शिक्षक असलेले वडील म्हणतात, जे नाव लोकांना ठाऊक आहे तेच घ्यावे, एम. बी. ए. म्हटले की कोणालाही कळते. बाईंची अडचण मात्र निराळीच आहे. मुलगा आठवीत आहे. तीन वर्षे संध्याकाळ पुस्तकांना द्यावयाची, तर त्याच्या दहावीच्या वर्षी आई अभ्यासिकेत असणार. शिवाय शुल्क भरावयाचे ते घरच्याच शिलकीतून. एवढे करून हाती काय येईल, हे त्यांना आधी समजावयास हवे आहे, आणि ते रास्तच आहे.

हे सदर मराठीत आणताना 'पोर्टफोलिओ' ह्या शब्दापाशी आमची लेखणी नेहमी अडखळते. राजकारणात आपण त्याला 'खाते' म्हणतो आणि 'बिनखात्याचा मंत्री' हा प्रयोगही करतो. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ कागद वाहून नेण्याची पिशवी असा आहे. पूर्वी समभाग आणि कर्जरोखे कागदावर असत आणि धनिकांचे मुनीम ते असल्या पिशवीत बाळगीत. तेव्हा आपल्याकडचा 'दप्तर' हा शब्दच त्याच्या सर्वांत जवळचा म्हणावयास हरकत नाही. १९९६ च्या कायद्यानंतर समभागांचे कागद जाऊन त्यांच्या जागी संगणकातील नोंदी आल्या. तरी दप्तर राहिलेच. आणि दप्तर म्हटले की दोन प्रश्न आपोआप उभे राहतात: त्यात काय ठेवावयाचे हे कोणी सांगावयाचे, आणि ते वाहावयाचे कोणी? इंदूरच्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर ह्या दोन प्रश्नांच्या फरकातच आहे.

आपल्या देशात दुसऱ्याच्या द्रव्याविषयी सल्ला देणे आणि दुसऱ्याचे द्रव्य प्रत्यक्ष हाताळणे ही दोन निराळी कामे मानली आहेत. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजे ज्याला आपण सेबी म्हणतो त्या संस्थेने, गुंतवणूक सल्लागारांसाठी २०१३ साली नियम केले. सल्लागार दप्तरात काय असावे ते सांगतो. खरेदी-विक्रीचा शेवटचा शब्द कुटुंबाचाच राहतो. पोर्टफोलिओ व्यवस्थापकांचे नियम निराळे आहेत. ते प्रथम १९९३ साली झाले आणि २०२० साली नव्याने लिहिले गेले. करारात तशी मुभा असेल, तर हा व्यवस्थापक गिऱ्हाइकाच्या वतीने स्वतःच्या निर्णयाने खरेदी-विक्री करतो. म्हणजे दप्तर तोच वाहतो. साहजिकच त्याच्यावरील बंधनेही कडक आहेत. एकट्या व्यक्तीला हा परवाना मिळत नाही. त्यासाठी संस्था स्थापन करावी लागते आणि तिची निव्वळ मालमत्ता किमान ५ कोटी रुपयांची असावी लागते. शिवाय एका गिऱ्हाइकाकडून ५० लाख रुपयांहून कमी रक्कम स्वीकारता येत नाही.

वाचकांनी ह्या शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबावे. इंदूरच्या बाईंच्या साठ-सत्तर कुटुंबांपैकी किती जणांपाशी केवळ शेअरबाजारात घालण्यासाठी ५० लाख रुपये असतील? ज्या शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधी, मुदतठेवी आणि पोस्टातील बचत मिळून सारी जन्माची कमाई तेवढी केली असेल, त्याने ती सबंध रक्कम अशा एका ठिकाणी ठेवावी असे कोणताही समंजस नियोजक सांगणार नाही. तेव्हा ह्या भगिनी उद्या कायद्याच्या अर्थाने पोर्टफोलिओ व्यवस्थापक झाल्या, तर त्यांना नवे गिऱ्हाईक मिळेल. परंतु आज ज्यांच्या ओसरीवर बसून त्या हिशेब मांडतात, ती बहुतेक घरे मागे राहतील. कोणती परीक्षा द्यावी ह्या प्रश्नाच्या पोटात कोणाची सेवा करावी हा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर आधी द्यावयास हवे.

आता तिघांच्या मतांकडे वळू. यजमानांनी सुचविलेली परीक्षा आहे, आणि ती उपयोगाचीही आहे. सेबीने २००६ साली स्थापिलेली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे; इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'निस्म' म्हणतात. बाजारातील जवळजवळ प्रत्येक कामासाठी तिची एकेक परीक्षा आहे. सल्लागारासाठी 'दहा-अ' आणि 'दहा-ब' ह्या मालिका आहेत, संशोधन-विश्लेषकासाठी पंधरावी. पोर्टफोलिओ व्यवस्थापनाची योजना विकणाऱ्यांसाठी 'एकवीस-अ', आणि व्यवस्थापन संस्थेच्या प्रमुख अधिकाऱ्यासाठी 'एकवीस-ब'. पाठ्यपुस्तक नेमलेले असते, परीक्षा संगणकावर होते, शुल्क मध्यमवर्गास परवडणारे असते आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते.

परंतु ह्या प्रमाणपत्रांचे स्वरूप नीट ओळखावयास हवे. मोटार चालविण्याच्या परवान्यासारखी ती आहेत. परवान्यावाचून गाडी रस्त्यावर आणता येत नाही हे खरे. पण परवाना मिळाला म्हणून घाटात गाडी चालविण्याचे कौशल्य आले असे नव्हे. शिवाय 'एकवीस-ब' एवढ्यानेच कोणी प्रमुख अधिकारी होत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे त्याला वित्त, कायदा, हिशेबशास्त्र किंवा व्यवसाय-व्यवस्थापन ह्यांतील व्यावसायिक पात्रता अथवा सी. एफ. ए. ही सनद लागते, आणि त्यावर रोखेबाजाराशी संबंधित कामाचा पाच वर्षांचा अनुभव. बाईंना तर आजच्या कामासाठी लागणारी 'दहा-अ' आणि 'दहा-ब' ही दोन्ही प्रमाणपत्रे आधीच मिळालेली आहेत. म्हणजे आपल्या कुटुंबांचे दप्तर कसे रचावे ते सांगण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना आहेच. उणीव असलीच, तर ती अधिकाराची नसून विद्येची आहे.

विद्येचा विचार केला म्हणजे बंधूंच्या म्हणण्यात तथ्य दिसते. नियोजन आणि विश्लेषण ह्या दोन विद्या अमेरिकेत निरनिराळ्या वाटांनी वाढल्या. 'सिक्युरिटी ॲनालिसिस' ह्या १९३४ सालच्या प्रसिद्ध ग्रंथाचे एक लेखक बेंजामिन ग्रॅहॅम ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात असा आग्रह धरला, की लोकांच्या पैशाविषयी मत देणाऱ्याने परीक्षा देऊन आपली पात्रता सिद्ध करावी. त्यातून पुढे सी. एफ. ए. ही सनद निघाली आणि जून १९६३ मध्ये तिची पहिली परीक्षा झाली. तिला २८४ उमेदवार बसले होते. सी. एफ. पी.ची कुळकथा ह्याहून निराळी आहे. डिसेंबर १९६९ मध्ये शिकागो येथे तेरा माणसे एकत्र बसली आणि कुटुंबाच्या सबंध आर्थिक जीवनाचा एकत्रित विचार करणारा व्यवसाय असावा, ह्या कल्पनेतून ती पदवी जन्मली. १९७३ साली तिची पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. तीत ४२ जण होते. पहिली विद्या रोख्याकडे पाहते, दुसरी घराकडे पाहते. आमच्या भगिनींना दुसरी येते. पहिली हवी आहे.

पहिल्या विद्येने घरास काय लाभ होतो, हे एका उदाहरणावरून पाहू. आपल्याकडे शेतकरी जोंधळ्यात तुरीच्या ओळी घालतो. दोन्ही पिके एकाच शेतात असतात. पण मुळे निराळ्या खोलीवर, कापणी निराळ्या महिन्यात. त्यामुळे पावसाने एकदा दगा दिला, तर दोन्ही पिके सारखीच बुडत नाहीत. १९५२ साली हॅरी मार्कोविट्झ ह्या चोवीस वर्षांच्या अमेरिकन अभ्यासकाने हाच विचार गणिताने मांडला. एकेक रोखा चांगला की वाईट एवढेच पाहून दप्तर रचू नये. ते रोखे एकत्र असताना एकमेकांबरोबर कसे वरखाली होतात, हे पाहावे. ह्या कामासाठी १९९० साली त्यांना मर्टन मिलर आणि विल्यम शार्प ह्यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाच निरनिराळ्या म्युच्युअल फंड योजना घेऊन निर्धास्त झालेले गृहस्थ आपण पाहतोच. पुष्कळदा त्या पाचही योजनांत त्याच मोठ्या बँका आणि त्याच कंपन्या असतात. हा गृहस्थ जोंधळा-तूर पेरीत नाही. पाच वाफ्यांत जोंधळाच पेरतो आहे. हे त्याच्या ध्यानात आणून देण्यास पहिली विद्या लागते.

तीच गोष्ट निवृत्तांची. शंभर रुपयांचे बाजारात साठ झाले, तर घट चाळीस टक्के झाली. पण साठांचे पुन्हा शंभर होण्यास सुमारे सदुसष्ट टक्के वाढ लागते. तरुण माणूस वाट पाहू शकतो. पण जो दरमहा त्यातूनच किराणा आणि औषधे आणतो, त्याच्या दप्तराला वाट पाहण्याइतका दम राहत नाही. हा हिशेब ज्याला येतो तो नियोजक वृद्ध गिऱ्हाइकास वेळीच सावध करील.

मात्र ह्या विद्येची किंमत घड्याळाने मोजावयास हवी. सी. एफ. ए.च्या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीसाठी सुमारे ३०० तासांचा अभ्यास धरावा, असे साधारणपणे सांगितले जाते. म्हणजे एकूण ९०० तास. रोज दोन तास धरले तर ४५० दिवस, एकही संध्याकाळ न चुकता. संसारी माणसाच्या संध्याकाळी चुकतातच. केवळ रविवारचे सहा तास हाती असतील, तर १५० रविवार, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे. पहिल्या पायरीवर गेल्या काही वर्षांत बहुतेक वेळा निम्म्याहून कमी उमेदवार उत्तीर्ण झालेले आहेत. शुल्क डॉलरांत असल्यामुळे रुपयातील बोजा विनिमयाच्या दराबरोबर बदलतो. परीक्षा संपल्यावरही सनद मिळण्यास किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव दाखवावा लागतो. तोवर ही अक्षरे नावापुढे लावता येत नाहीत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तीनही पायऱ्या अमुक वर्षांतच संपविल्या पाहिजेत असे बंधन नाही. मध्ये विसावा घेता येतो. आणि २०२५ पासून तिसऱ्या पायरीवर तीन वाटा केल्या आहेत. पोर्टफोलिओ व्यवस्थापनाची वाट त्यांत आहेच, पण खाजगी संपत्तीची, म्हणजे व्यक्ती आणि कुटुंबे ह्यांच्या द्रव्याची, अशीही एक आहे. नियोजनाकडून आलेल्या माणसास ती परकी वाटणार नाही.

राहता राहिले वडिलांचे मत. लोकांस ठाऊक असलेले नाव घ्यावे, हा सल्ला आम्ही हसण्यावारी नेणार नाही. व्यवस्थापनाच्या पदवीला नियमांतही स्थान आहे, हे वर आलेच. परंतु एम. बी. ए. मध्ये विपणनापासून मनुष्यबळापर्यंत अनेक विषय येतात आणि त्यात रोख्यांच्या वाट्यास येणारा काळ थोडाच असतो. पंचविशीत नोकरी बदलू इच्छिणाऱ्यास ती योग्य. आठ वर्षे ज्यांचा जम बसला आहे, त्यांनी ह्या एका विषयासाठी दोन वर्षे तीत घालावीत असे आम्हांस वाटत नाही. शिवाय अक्षरांची ओळख फसवीही असते. अमेरिकेत सल्लागारांसाठी 'सी. आय. एम. ए.' नावाची एक पदवी आहे. पोर्टफोलिओ रचण्याचाच तो अभ्यासक्रम असून येलसारख्या विद्यापीठांतून त्याचे शिक्षण मिळते. पण हीच चार अक्षरे ब्रिटनमधील व्यवस्थापकीय हिशेबनिसांची संस्थाही वापरते, आणि आपल्याकडे बहुधा तीच ठाऊक असते. इंदुरातील गिऱ्हाइकाने कोणता अर्थ घ्यावा? तसेच 'एफ. आर. एम.' ही जोखमीच्या मोजमापाची दोन भागांची परीक्षा बँकांत काम करणाऱ्यांना अधिक उपयोगी. चांगल्या गोष्टी पुष्कळ असतात. आपल्या कामाच्या थोड्याच.

ह्या सर्वांचा विचार करून इंदूरच्या भगिनींना आमचे सांगणे येणेप्रमाणे आहे. प्रथम शुल्क भरण्यापूर्वी आपल्याकडील दहा कुटुंबांची दप्तरे उघडा. प्रत्येक गुंतवणुकीपुढे ती तेथे का आहे, इतकीच का आहे आणि तिच्या शेजारच्या गुंतवणुकीशी तिचे नाते काय, हे आपल्या हाताने लिहा. जेथे लेखणी अडेल तेथे आपला अभ्यासक्रम सुरू होतो. पुष्कळ ठिकाणी अडली, तर सी. एफ. ए.ची पहिली पायरी चिरंजीव नववीतून वर जाण्यापूर्वी द्या. दहावीचे वर्ष त्याचे राहू द्या. त्यानंतर उरलेल्या दोन पायऱ्या चढावयाच्या की नाही, हे तेव्हा ठरवा. न चढलात तरी शिकलेले वाया जाणार नाही, कारण ते कुटुंबांच्या दप्तरांत उतरलेले असेल. 'एकवीस-ब' आज देऊ नका. एखाद्या व्यवस्थापन संस्थेत जाण्याचा निश्चय झाला, तर ती परीक्षा थोड्या महिन्यांत होण्यासारखी आहे. आणि नियम बदलत असतात. सल्लागारांचे नियम २०२० मध्ये कडक झाले आणि २०२४ मध्ये पुष्कळसे सैल झाले. म्हणून कोणताही अर्ज करण्यापूर्वी मूळ नियम स्वतः वाचा, आमच्या सदरावर विसंबू नका.

जे वाचक नियोजक नाहीत, त्यांनी हे पान उलटण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे. घरी येणाऱ्या सल्लागाराच्या कार्डावर किती अक्षरे आहेत हे मोजू नये. सेबीकडील त्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत तो पडताळावा. सल्लागाराचा क्रमांक 'आय. एन. ए.' आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापकाचा 'आय. एन. पी.' ह्या अक्षरांनी सुरू होतो. केवळ 'ए. आर. एन.' क्रमांक असणारा गृहस्थ म्युच्युअल फंडांचा वितरक होय. त्यात कमीपणा काही नाही, पण तो कमिशनवर काम करतो हे आपणांस ठाऊक असावे. २०२० पासून अशा वितरकास सल्लागाराची नोंदणी नसताना आपल्या नावापुढे स्वतंत्र आर्थिक सल्लागार किंवा संपत्ती सल्लागार म्हणवून घेता येत नाही. आणि गुंतवणुकीची रक्कम सल्लागाराच्या स्वतःच्या खात्यात कधीही भरू नये. एवढे विचारल्याने भला माणूस रागावत नाही. आणि जो रागावेल, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

इंग्रजीत अशा प्रमाणपत्रांना जो शब्द आहे, त्याच्या मूळ लॅटिन धातूचा अर्थ विश्वास ठेवणे असा आहे. आपण मराठीत 'पत' म्हणतो. आमच्या स्वतःच्या नावापुढे बी. ए. एवढीच अक्षरे असल्यामुळे ह्या विषयात अधिकारवाणीने बोलण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण एक गोष्ट निःशंकपणे सांगता येते. परवाना सरकार देते, पदवी संस्था देते आणि पत मात्र गिऱ्हाईक देते, तीही सावकाश. इंदूरच्या साठ-सत्तर घरांनी ती ह्या भगिनींना आठ वर्षांत दिलेली आहे. नवी विद्या जरूर शिकावी. पण ती घेऊन पुन्हा त्याच ओसऱ्यांवर यावे, एवढीच त्या घरांच्या वतीने आमची विनंती.